पायताणाचा धंदा : अर्धं काम कारखान्यात, अर्धं रानात

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माण, आटपाडी आणि जतकडे उतरत गेलं, की तोच पाऊस पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. मधल्या पट्ट्यात कास पठाराचा जांभा, कोयना-चांदोलीचं जंगल, कृष्णाकाठची काळी चिकट रानं, तासगावच्या द्राक्षबागा आणि दुष्काळी भागातला कुसळांचा माळ असं सगळं येतं. उघड्यावर वापरायच्या पादत्राणांची परीक्षा घ्यायला याहून चोख जागा सापडणार नाही. सातारा-सांगलीत राहणाऱ्याला ती फुकट मिळते आणि अंतरही एसटीने गाठण्याएवढंच असतं.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांच्या घरात चपला बनवण्याचं काम आधीपासून आहे आणि पुढची पिढी त्यात काही नवं करू पाहते आहे. दोन, डोंगरात फिरणारे, धावणारे किंवा शेतात राबणारे तरुण, ज्यांना पादत्राणांचा छोटा कारखाना काढावासा वाटतो किंवा एखाद्या कंपनीत या कामासाठी जायचं आहे. दोघांना सांगायचं ते एकच. ज्या जमिनीवर आपला माल चालणार आहे, तिच्यावर स्वतः चालणं हा या धंद्यातला कामाचा भाग आहे. ते रविवारच्या हौशीवर सोडून चालत नाही. त्याला वेळ, पैसा आणि वही लागते.

आधी पाय ठरवा

‘सगळ्यांसाठी, सगळीकडे चालेल असा बूट’ या कल्पनेत नवा माणूस हमखास अडकतो. असा बूट मोठ्या कंपन्यांनाही जमलेला नाही. आपल्या भागात निदान चार वेगळी गिऱ्हाइकं दिसतात आणि प्रत्येकाची मागणी निराळी असते.

पहिलं गिऱ्हाईक किल्ल्यांवर जाणारं. अजिंक्यतारा, सज्जनगड, पांडवगड, चंदन-वंदन, वासोटा, कऱ्हाडजवळचा सदाशिवगड, खानापूर तालुक्यातला बाणूरगड या वाटांवर कातळ, घसारा आणि पावसाळ्यात शेवाळ असतं. या माणसाला पकड हवी आणि उतरताना बोटं पुढे आदळू नयेत एवढी जागा हवी.

दुसरं गिऱ्हाईक शेतकरी, ऊसतोड मजूर आणि मेंढपाळ. त्याला काट्यापासून, उसाच्या बुडख्यापासून आणि सापापासून बचाव हवा. जोडा चिखलातून काढला तर धुता यावा आणि तुटला तर बाजाराच्या गावात दुरुस्त व्हावा. दर दोन महिन्यांनी नवा घेणं त्याला परवडत नाही.

तिसरं गिऱ्हाईक भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं आणि सैन्यात जाण्याची ओढ दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. त्यासाठी पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या तळाच्या बुटांत धावणारी पोरं तुम्हाला कुठेही दिसतील. नडगी दुखणं आणि टाच धरणं या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. त्यांना हलका, थोडी गादी असलेला आणि खिशाला झेपणारा जोडा लागतो.

चौथं गिऱ्हाईक लांब पल्ल्याचं चालणारं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते. त्या वाटेवर साठीच्या पुढची माणसं साध्या चपलेवर रोज वीस-वीस किलोमीटर चालतात. त्यांच्या पायाला काय सोसतं आणि काय नाही, हे समजलं तर चालण्याच्या चपलेचा निम्मा आराखडा तयार झाला.

या चारांपैकी एकच निवडा. पहिली दोन वर्षं त्याच्याच पायाशी बसा.

बाहेरचं काम : वर्षाचं वेळापत्रक

बाहेर जायचं म्हणजे सहलीला जायचं, असा समज असेल तर तो मालकाने आणि कामगारानेही डोक्यातून काढावा. प्रत्येक फेरीला एक प्रश्न ठरलेला असावा. ऋतूप्रमाणे ते प्रश्न आपोआप वेगळे होतात.

जून ते सप्टेंबर पश्चिमेकडे जा. यवतेश्वरचा घाट, ठोसेघर, कासकडचे रस्ते, चांदोलीच्या बाजूची गावं इथे ओल्या जमिनीवरची पकड बघा. कातळ, जांभा, चिखल आणि गवत या चारही पृष्ठभागांवर एकच तळ कसा निराळा वागतो ते नोंदवा. पालखीचे दिवसही याच काळातले. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे धावपटू पावसाच्या शेवटी यवतेश्वरचा चढ चढतात. त्या मोसमात रस्त्याच्या कडेला उभं राहून लोकांची पावलं कशी पडतात एवढंच पाहिलं तरी शिकण्यासारखं खूप आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत वाळतं आणि कुसळं, कुरडू, गोखरू यांचे दिवस येतात. जाळीदार कापडाचा वरचा भाग इथे उघडा पडतो. कुसळ आत शिरतं, मोज्यातून टोचतं आणि निघता निघत नाही. आपल्याकडच्या जोड्याला विणीची जाळी किती बारीक हवी, हे परदेशी कॅटलॉग सांगू शकत नाही. बामणोलीहून शिवसागर जलाशय लाँचने ओलांडून वासोट्याला जाण्याची वाट पावसाळ्यात बंद असते, ती याच सुमारास खुली होते. वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. तिथल्या वाटेवर पाला, ओढ्यातले गोटे आणि सलग चढ असं तिन्ही एकत्र मिळतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी साखर कारखान्यांचा हंगाम. ऊस तोडणाऱ्या टोळ्यांच्या पायात काय असतं ते बघा, विचारा आणि तुटलेले जोडे विकत घ्या. एप्रिल-मे दुष्काळी पट्ट्यासाठी ठेवा. तापलेल्या कातळावर आणि डांबरावर चिकटवलेला तळ कडेने सुटू लागतो का, हे जतच्या किंवा म्हसवडच्या दुपारी कळतं. गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेला बूट हीही एक चाचणीच आहे.

प्रत्येक फेरीनंतर वहीत या गोष्टी उतरवाव्यात :

— जोडा कोणाचा, त्या माणसाचं वजन अंदाजे किती, काम काय.
— कुठली जमीन, किती तास, ओली की कोरडी.
— कुठे तुटला : टाचेचा टाका, बोटांपुढची कड, बंदाची भोकं की तळाची मधली घडी.
— पायाला काय झालं : फोड कुठे आला, नख काळं पडलं का, टाच सोलली का.
— माणूस स्वतः काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत.

‘चावते’, ‘पुढं घसरते’, ‘पाय भाजतो’, ‘तळ मरून गेलाय’ हे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘तळ मरून गेलाय’ म्हणजे आतला फेस दबला आणि पुन्हा फुगत नाही. गिऱ्हाइकाने अचूक निदान सांगितलेलं असतं. आपण त्याचं ‘आरामदायीपणा कमी’ असं गुळमुळीत रूपांतर केलं की ते हरवतं.

पायवाटेची शिस्तही पाळा. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं आहे. फुलांच्या हंगामात तिथे ठरलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. बुटांची चाचणी कुठल्याही कातळावर होते, फुलं तुडवून करायची गरज नाही.

पाणी, उतार, चिखल : जमीन काय शिकवते

दुकानात ‘वॉटरप्रूफ’ शब्द गिऱ्हाइकाला पटकन भुलवतो. सह्याद्रीतल्या जुलैमध्ये पाणी वरून, घोट्यातून, मोज्यावरून झिरपत आत येतंच. मग जलरोधक अस्तर तेच पाणी आत कोंडून ठेवतं, पाय दिवसभर भिजत राहतो आणि कातडी पांढरी पडून सोलते. म्हणून इथल्या पावसाळी जोड्यात आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट ठेवा. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यातून उडी मारावी लागते आणि तिच्यासाठीचे बूट पाणी झटकन निथळेल असेच बनवतात. कासच्या वाटेवरच्या जोड्याला हेच तत्त्व लागू पडतं. बाजूला निचऱ्याची भोकं, कमी पाणी पिणारं कापड, लवकर सुकणारी आतली पट्टी.

उताराची परीक्षा दुकानातच घेता येते. दोन फूट लांबीची तिरपी फळी ठेवा आणि गिऱ्हाइकाला तिच्यावरून उतरायला लावा. बोटं पुढे टेकली तर तो नंबर त्याचा नाही. सपाट फरशीवर नीट बसलेला बूट सज्जनगडाच्या पायऱ्या उतरताना नखं काळी करतो. फळीला खर्च शंभर-दोनशे रुपयांचा, पण परत येणारे जोडे त्यामुळे नक्की घटतात.

चिखलाचं गणित तळाच्या दातांत आहे. दात जवळजवळ असले की काळी माती मध्ये अडकते, तळ गुळगुळीत होतो आणि प्रत्येक पावलाला अर्धा किलो रान उचलावं लागतं. दात खोल आणि लांब-लांब असले की माती झडते. पण तोच तळ कोरड्या कातळावर कमी टेकतो आणि दात लवकर झिजतात. रबर मऊ घेतलं तर ओल्या दगडाला धरतं पण झिजतं, कडक घेतलं तर टिकतं पण घसरतं. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून आधी पाय ठरवायला सांगितलं.

आज जगभर डोंगरी बुटांना दातेरी रबरी तळ असतो, त्यामागेही डोंगरातलाच अनुभव आहे. मिलानचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार 1935 मध्ये आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले. बर्फ आणि थंडीला त्यांची पादत्राणं पुरी पडली नव्हती. ब्रामानींनी पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने रबरी दातांचा तळ घडवला आणि 1937 मध्ये बाजारात आणला. ‘व्हिब्रम’ हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. ते स्वतः डोंगर चढत होते म्हणून काय कमी पडलं ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

आतलं काम : फर्मा, माप, सोल्युशन

बाहेरून आणलेली वही कारखान्यात पहिल्यांदा फर्म्याकडे जायला हवी. फर्मा म्हणजे ज्याच्यावर जोडा घडतो तो लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाय. बाजारातले बरेचसे फर्मे युरोपीय पायावरून आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर लाखाच्या वर लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा पुढे रुंद असतो, हे त्यात दिसलं आणि त्यावरून ‘भा’ या नावाची भारतीय मापं सुचवली गेली. अनवाणी किंवा चपलेत वाढलेला पाय पसरट असतो, हे आपल्या गावातल्या चपला करणाऱ्याला कुणी शिकवायला नको. तो पाय कागदावर उतरवून घेतो तेव्हा पंजाची रुंदी आधी धरतो.

नंबरांचा गोंधळही समजून घ्या. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. फ्रेंच पद्धतीत तो सुमारे पावणेसात मिलिमीटर असतो. म्हणून एका पद्धतीतला नंबर दुसरीत बदलताना नेहमी थोडं इकडेतिकडे होतं. ऑनलाइन विकणार असाल तर नंबराशेजारी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं घ्यायला सांगा. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो आणि दोन्ही पाय सारखे नसतात.

साहित्याबद्दल एकच गोष्ट सांगायची तर पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, तळाची. पीयू हलका आणि मऊ, पण दमट हवेत न वापरता पडून राहिला की आतून कुजतो. गेल्या पावसाळ्यानंतर कपाटात ठेवलेला चांगला बूट पहिल्याच ट्रेकला भुगा होऊन सुटतो, त्याचं कारण हे. गोदामात असा माल वर्षानुवर्षं साठवू नका, खोक्यावर बनवल्याचा महिना छापा आणि गिऱ्हाइकाला सांगा की वापरत राहिलेला जोडा जास्त टिकतो.

आता सोल्युशन. चपला-बूट चिकटवण्याच्या डिंकाला आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. स्वस्त सोल्युशनमध्ये असणारी काही द्रावकं हळूहळू शरीर पोखरतात. जपानमध्ये 1960 च्या दशकात घरोघरी सँडल बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली ताकद गेली, ती एन-हेक्झेनच्या वाफेमुळे. 1970 च्या दशकात इस्तंबूलच्या जोडे-कामगारांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढलेला आढळला, तो बेंझिनमुळे. आपल्याकडे हे काम बहुधा घराच्याच खोलीत, लेकरं शेजारी झोपलेली असताना होतं. म्हणून :

— चिकटवण्याची जागा स्वयंपाक आणि झोपण्याच्या जागेपासून वेगळी ठेवा. अंगणातला मांडव बंद खोलीपेक्षा बरा.
— हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि वाफ तोंडावरून न जाता समोरच्या बाजूने बाहेर जाईल अशी मांडणी करा.
— डबा झाकून ठेवा, हात थिनरने धुऊ नका.
— डब्यावर घटक छापलेले नसतील तर तो माल घेऊ नका. पाण्यावर आधारलेलं सोल्युशन महाग पडतं, सुकायला वेळ लावतं, तरी जिथे चालतं तिथे तेच वापरा.
— हाताला मुंग्या, पायात अशक्तपणा, सतत डोकेदुखी असेल तर डॉक्टरला काय काम करता ते आधी सांगा.

वारशाचं नाव वापरताना

आपल्या भागातलं सर्वांत जुनं रानात चालणारं पायताण म्हणजे कोल्हापुरी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा नाही. हिरड्याची झाडं महाबळेश्वरच्या परिसरात आजही आहेत. ही चप्पल मुळात शेतावर आणि बाजाराच्या वाटेवर वापरायची, लग्नातला साज ती पुढे झाली. जाड तळाच्या, कानाच्या जुन्या जोडीचं वजन हातात धरून पाहिलं की हे पटतं.

2019 पासून ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. नोंदणीचं क्षेत्र आठ जिल्ह्यांचं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे सातारा-सांगलीच्या कारागिराला हे नाव कायद्याने वापरता येतं, पण त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. मानांकनाचे मालक महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर. अर्ज महामंडळाच्या मदतीने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो आणि फी नाममात्र आहे. रबरी तळ चिकटवलेल्या किंवा कृत्रिम चामड्याच्या चपलेला मात्र हे नाव लावू नका. अशी चप्पल वाईट असते असं नाही, ती निराळी वस्तू आहे, तिला निराळं नाव द्या.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. गदारोळ झाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय असल्याचं कंपनीने मान्य केलं. त्यातून आपण घ्यायचा बोध व्यवहाराचा आहे. ज्याच्याकडे नोंद, नमुन्यांचे फोटो, तारखा आणि बिलं असतात, त्याचं म्हणणं ऐकलं जातं. तेव्हा तुमच्या प्रत्येक नव्या नमुन्याचा तारखेसह फोटो आणि मापाचा कागद जपून ठेवा.

चामडं विकत घेताना बिल घ्या. 2015 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात गोवंश हत्येवर बंदी आहे, म्हशीच्या चामड्यावर ती नाही. माल कुठून आला याचा कागद हाताशी असेल तर वाटेतल्या अडवणुकीत उपयोग होतो.

हिशेब आणि कागद

एक जोडी कितीला विकायची, हे शेजारच्या दुकानाचा भाव बघून ठरवू नका. उदाहरणादाखल हिशेब करू. साहित्य, सोल, सोल्युशन आणि खोकं मिळून 520 रुपये. मजुरी 240. भाडं, वीज, वाहतूक 110. झाले 870. यात दुरुस्तीसाठी राखीव 40 रुपये घाला, म्हणजे 910. वीस टक्के नफा 182 धरला तर तुमचा भाव 1092. दुकानदाराला विक्रीच्या किमतीवर 35 टक्के द्यायचे असतील तर किंमत 1680 होते. त्यावर 5 टक्के जीएसटी लावून गिऱ्हाइकाला ती 1764 ला पडते. गिऱ्हाईक एवढे देणार नसेल, तर मजुरी कापायच्या आधी नमुना सोपा करा. एक शिवण, एक पट्टी, एक रंग कमी करा.

22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आणि त्यापुढच्या जोडीवर 18 टक्के आहे. म्हणजे 2400 आणि 2600 या दोन किमतींत गिऱ्हाइकाला पडणारा फरक दोनशेपेक्षा बराच मोठा असतो. किंमत ठरवताना ही रेषा लक्षात ठेवा. मालाची वार्षिक विक्री 40 लाखांच्या आत असेल तर राज्यात साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे लागतात, ते सीएला आधी विचारा. पादत्राणांसाठी केंद्राचे गुणवत्ता नियंत्रण आदेशही आहेत. तुमच्या आकाराच्या कारखान्याला त्यातलं काय लागू होतं, ते जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारून घ्या.

छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, कोणाला पैसे देऊ नका. पंतप्रधान विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्यातल्या 18 व्यवसायांत चर्मकार आणि पादत्राण कारागीर येतात. प्रशिक्षणात रोज 500 रुपये भत्ता, हत्यारांसाठी 15,000 रुपये, आणि आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज मिळतं. मोठं यंत्र घ्यायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात प्रवर्गानुसार 25 ते 35 टक्के अनुदान असतं. पण यंत्र आधी आणि गिऱ्हाईक नंतर, असा क्रम लावू नका. पहिल्या दोनशे जोड्या हाताने आणि भाड्याच्या शिलाई मशिनवर होतात.

माणसं आणि कामाची रीत

या धंद्यात शिवण, वेणी आणि गोंड्याचं काम बहुतेक वेळा घरातल्या बाया करतात आणि हिशेबाच्या वहीत त्यांचं नाव नसतं. कारखाना काढताना ही सवय मोडा. नगावर मजुरी असेल तर दर लिहून भिंतीवर लावा, पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात टाका. बाहेरच्या फेरीला जाताना शिवणारीलाही न्या. तिने घातलेला टाका घाटात कुठे ताणला जातो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं की पुढचा टाका कुठे दुहेरी घालायचा ते तीच ठरवते.

आठवड्यातून एक तास ‘तुटक्यांची बैठक’ ठेवा. परत आलेले आणि बाहेरून आणलेले जोडे मधोमध ओतायचे, रापीने उघडायचे, कारण शोधायचं. कटिंगवाला, शिलाईवाली, चिकटवणारा, विकणारा, सगळे हजर. चूक कोणाची यावर बोलणं नाही, फक्त कुठे आणि का. जो जोडा बनवतो त्याला वर्षाला एक जोडा घरी द्या आणि तो घालूनच त्याने रानात जावं, अशी अट ठेवा. बाहेरच्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या. तो कामाचाच दिवस आहे. पण सहा दिवस राबलेल्या माणसाला सातव्या दिवशी डोंगरावर ओढू नका, त्याला पाय पसरून झोपण्याचा हक्क आहे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी शिक्षणाची ठिकाणं लक्षात ठेवावीत. फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट 1986 मध्ये नोएडात सुरू झाली, आता देशभर तिच्या शाखा आहेत. आग्रा आणि चेन्नई इथे केंद्रीय पादत्राण प्रशिक्षण संस्था आहेत, तिथे कमी मुदतीचे अभ्यासक्रमही चालतात. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर तुमची रानातली वही न्या. वासोट्याच्या वाटेवर झिजलेल्या तळाचे तारखेसह फोटो आणि कारणं मांडणारा उमेदवार डिझाइनच्या खात्यात लक्षात राहतो.

दुरुस्ती हीच जाहिरात

मोठ्या कंपनीशी किमतीत टक्कर देणं छोट्याला जमत नाही. दुरुस्तीत मात्र तिला तुमच्याशी टक्कर देता येत नाही. तळ बदलता येईल असा जोडा बनवा. लोणंद-फलटणच्या पालखीमार्गावर दोन दिवस आरी-दोरा घेऊन बसा आणि वारकऱ्यांच्या चपला शिवून द्या. पैसे घेऊ नका. वाटेवर अशी सेवा करणारे कारागीर पूर्वीपासून आहेत, त्यांच्या शेजारी जागा मागा. दोन दिवसांत शेकडो जोड्यांची तुटण्याची जागा तुमच्या हाताखालून जाते. विटा, आटपाडी, वाई, कोरेगावच्या आठवडी बाजारातही हेच करता येतं.

सुरुवात कशी करायची, असं विचाराल तर भांडवल जमेपर्यंत थांबू नका. येत्या महिन्यात नातेवाईक, मित्र, शेतावरचे गडी यांच्याकडून टाकून दिलेले जोडे गोळा करा. एकेक उघडून, कशाने मेला ते वहीत लिहा. पंधरा-वीस जोड्यांनंतर तेच तेच कारण पुन्हा दिसू लागेल. ते एक कारण दूर करणारा जोडा बनवता आला, तर पहिला फर्मा विकत घ्यायला हरकत नाही.